अंजनेरीवर पांद ओळखायची कशी? नवख्यांसाठी पायरीपायरीने

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर मी पहिल्यांदा पांद ही रानवनस्पती पाहिली ती धुक्यात. कमरेइतकी उंच, पांढऱ्या जाळीच्या छत्र्या उघडून उभी. मोबाइलवर फोटो काढला आणि घरी येऊन झाडं ओळखणाऱ्या ॲपला विचारलं. ॲपने ठामपणे सांगितलं, "रानगाजर". मीही तितक्याच ठामपणे तेच नाव लावून फोटो सगळ्यांना पाठवला. आमच्या ओळखीतले एक निवृत्त वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांनी उत्तरात एवढंच लिहिलं, "ताई, ते युरोपातलं. छत्रीच्या खाली वाकून बघितलंत का? फळ कुठाय?"

फळ माझ्याकडे नव्हतं. छत्रीखालचा फोटो नव्हता, पानाच्या बुडाचाही नव्हता. वीस-पंचवीस फोटो, आणि सगळे फुलाचे. त्या वर्षी नाव लागलं नाही ते नाहीच. ज्यांना गाजराच्या कुळातली आपल्याकडची रानफुलं ओळखायला शिकायची आहेत त्यांचा एक पावसाळा वाचावा म्हणून हे लिहितेय. उदाहरणाला पांद घेतली आहे. कोणी तिला पिंड किंवा पिंडा म्हणतं. शास्त्रीय नाव पिंडा कोंकणेन्सिस. सह्याद्री सोडून ती जगात कुठेही आपणहून उगवत नाही. म्हणूनच ॲपच्या 'रानगाजर'चं मला आजही हसू येतं.

१. आधी स्वयंपाकघरात बसा

डोंगर नंतर. या कुळाला मराठीत चामर कुल म्हणतात, कारण फुलोरा चवरीसारखा, म्हणजे चामरासारखा दिसतो. बोलताना मी सरळ गाजराचं कूळ म्हणते. शास्त्रीय नाव एपिएसी, जुन्या पुस्तकांत अंबेलिफेरी. धने, जिरे, बडीशेप, ओवा, शेपू, गाजर आणि वरून हिंग. आपला मसाल्याचा डबा म्हणजे अर्ध्याहून जास्त हेच कूळ आहे.

बडीशेपेचा एक दाणा तळहातावर घ्या. उभ्या कडा दिसतील. नखाने हलकेच दाबलात तर त्याचे उभे दोन भाग होतात. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर फळ आहे, आणि ते मुळातच दोन शकलांचं बनलेलं असतं. प्रत्येक शकलात एक बी. कोथिंबीर लावणारे शेतकरी पेरणीआधी धने रगडून फोडतात ते याचसाठी. एका धन्यात दोन रोपं असतात. शकलावरच्या कडांच्या मधे तेलाच्या बारीक नळ्या असतात, जिऱ्या-ओव्याचा वास येतो तो त्यातून.

दुसरा अभ्यास कुंडीतला. चार धने फोडून पेरा आणि कोथिंबीर काढायला 'विसरा'. बाजारात जुडी फुलावर आली की भाव पडतो, आपल्याला मात्र तीच हवी. फुलोरा आला की वरून नीट बघा. छत्रीच्या कडेच्या फुलांच्या बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या मोठ्या आणि दुभंगलेल्या असतात, आतल्या बाजूच्या इवल्याशा. पांदेतही हीच तऱ्हा आहे, फक्त जास्त ठसठशीत. घरच्या कुंडीत हे एकदा पाहिलेलं असलं की डोंगरावर डोळा आपोआप तिकडे जातो.

२. कधी जायचं: दोनदा जायचं

एका फेरीत हे काम होत नाही, हे आधीच मनाशी ठरवून टाका.

पहिली फेरी फुलांसाठी: पोळ्याच्या आगेमागे, म्हणजे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर. दुसरी फळांसाठी: पहिलीनंतर तीन-चार आठवड्यांनी, साधारण नवरात्राच्या सुमारास. पाऊस लांबला तर दोन्ही पुढे सरकतात. दिवाळीनंतर गेलात तर वाळलेल्या काड्याच दिसतील. जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो, खाली कंदासारखं मूळ तेवढं राहतं आणि पुढच्या पावसात तेच फुटतं.

शनिवार-रविवार टाळा. तिसरा श्रावणी सोमवार तर चुकूनही धरू नका. त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटलेली गर्दी त्र्यंबक रोडवर असते, आणि तुम्हाला फूल बघायचंय की माणसं, असा प्रश्न पडतो.

३. कुठे, आणि कोणत्या कागदांनिशी

नाशिककरांसाठी सगळ्यात सोयीची जागा अंजनेरीच. त्र्यंबक रोडने शहरापासून साधारण २० किलोमीटर. त्र्यंबकच्या बसने अंजनेरी फाट्यावर उतरायचं, गावातून पायथ्याला जायचं, मग घळीतल्या पायऱ्या. वाटेत जैन लेणं लागतं. पायऱ्या संपल्या की पठार, अंजनीमातेचं मंदिर आणि पुढे तळं. घळीतून वर आल्यावर लगेच मंदिराकडे पळू नका. पठाराच्या कडेचे गवताळ उतार हीच आपली जागा.

ब्रह्मगिरी, हरिहर, सप्तशृंगीच्या बाजूचे डोंगर यांवरही या कुळाची झाडं शोधता येतील. पण नवख्याने एकच डोंगर धरावा आणि तिथेच पुनःपुन्हा जावं, असं माझं ठाम मत आहे. दहा किल्ले एकेकदा केलेल्या माणसापेक्षा एक किल्ला दहादा केलेल्याला झाडं जास्त ठाऊक असतात.

अंजनेरी हे २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. त्यामागे एक मोठं कारण म्हणजे तिथला सेरोपेजिया अंजनेरिका, कंदीलपुष्पाच्या गोतातला, याच डोंगराचं नाव लागलेला. त्यामुळे नियम साधा आहे: बघा, फोटो काढा, पण उपटू-तोडू नका. कॉलेजच्या प्रकल्पासाठी नमुना हवाच असेल तर आधी वनखात्याची लेखी परवानगी काढा आणि तिची छापील प्रत खिशात ठेवा. मोबाइलवर मेलमधली प्रत दाखवायची वेळ आली की नेमकी तिथेच रेंज नसते.

सोबत ठेवायचे कागद:

– ओळखपत्र (विद्यार्थी असाल तर कॉलेजचंही)
– नाक्यावर शुल्क घेत असतील तर त्याची पावती, उतरेपर्यंत जपून
– नमुना घेणार असाल तरच, परवानगीचं पत्र

४. पिशवीत काय

दहापटीचं भिंग. यात कंजुषी करू नका. दागिने पारखणारे सराफ डोळ्याला लावतात तसलं छोटं घडीचं भिंग पुरतं. सहा इंची पट्टी, वही, पेन्सिल (पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिलीचं लिहिलेलं टिकतं), मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी आणि एक काळा जाड कागद. काळा कागद कशाला? पांढरं फूल आणि मागे पांढरं धुकं असलं की मोबाइलला काहीच दिसत नाही. फुलामागे काळा कागद धरला की प्रत्येक पाकळी उठून दिसते.

पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि घट्ट पकडीचे बूट. ओल्या कातळावर शेवाळ असतं.

आणि माकडं. अंजनेरीवर हातात काहीही लोंबकळत नेऊ नका. माझा एक डबा गेला, त्यात पोळी-भाजीसोबत दोन वर्षांच्या नोंदींची वहीही होती. वही नंतर झाडाखाली सापडली, पण मधली पानं गायब. तेव्हापासून वही शर्टाच्या आत.

५. झाडासमोर उभं राहिल्यावर

आता मुख्य काम. लगेच मोबाइल काढू नका. पुढच्या क्रमाने बघा आणि प्रत्येक गोष्ट वहीत एका ओळीत लिहा.

अ) छत्री खरी आहे का? फुलांचे देठ एकाच बिंदूतून, छत्रीच्या काड्यांसारखे निघायला हवेत. मग प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक छोटी छत्री असते. मोठीत छोट्या, अशी दुहेरी रचना. काड्या दांड्यावर वेगवेगळ्या उंचीवर फुटत असतील तर कूळ दुसरं. छोट्या छत्र्यांवर माश्या, भुंगेरे, गांधीलमाश्या अशी पंगत बसलेली असते, कारण इथला मध उघड्यावर असतो, त्यासाठी लांब सोंड लागत नाही. त्यांना उडवू नका, फोटोत येऊ द्या.

आ) एक फूल. भिंगातून बघा. पाकळ्या ५, पुंकेसर ५, आणि मधे दोन बारीक शिंगं, म्हणजे कुक्षिवृंत. पाकळीचं टोक आत वळलेलं. फुगीर बीजाशय पाकळ्यांच्या खाली, देठाच्या टोकाला. ही खूण पटली की कुळाबद्दलची शंका जवळजवळ संपते.

इ) छत्रीच्या खाली वाका. माझं चुकलं ते इथेच. मोठ्या छत्रीच्या काड्या निघतात तिथे आणि छोट्या छत्र्यांच्या बुडाशी बारीक पानोळी, म्हणजे इवल्या पानांसारखे भाग, असतात, किंवा नसतात. आहेत की नाहीत, किती, खाली झुकलेली की पसरलेली, सगळं लिहा. एकाच कुळातल्या दोन जाती पुष्कळदा इथेच वेगळ्या पडतात. गाजराच्या छत्रीखालची पानोळी तर फाट्याफाट्यांची असतात, रानगाजर आणि पांद यांत गोंधळ व्हायला मुळात जागाच नव्हती. पण त्यासाठी वाकायला हवं होतं.

ई) पान आणि त्याचं बूड. या कुळात पानाचा देठ खोडाला चिकटतो तिथे रुंद होतो आणि खोडाला म्यानासारखा वेढतो. शेपूची जुडी निवडताना हे म्यान रोज आपल्या बोटांखाली असतं. पांदेचं पान गाजरासारखं बारीक चिरलेलं नसतं, त्याचे भाग रुंद आणि दातेरी. खालची पानं आणि वरची पानं वेगळी दिसतात, म्हणून दोन्हींचे फोटो घ्या.

उ) फळ. फुलं एकसारखी दिसणाऱ्या जाती फळात एकमेकींपासून वेगळ्या निघतात. पांदेचं फळ पाठीपोटाकडून चपटं, कडेला पातळ पंखासारखी किनार. उन्हाकडे धरलं तर आतल्या तेलाच्या नळ्या काळसर रेघांसारख्या दिसतात. याच डोंगरांवर पिंपिनेला वंशातल्याही जाती भेटतात, छत्र्या पांढऱ्याच. पण त्यांचं फळ बारीक, अंडाकृती, ओव्याची आठवण करून देणारं. चपटं की गोलसर, एवढ्या एका प्रश्नावर निम्मं काम होतं.

पहिल्या फेरीत फळं कोवळी असतील. हरकत नाही. त्या झाडाजवळचा ठळक दगड किंवा झुडूप लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीत त्याच जागी यायचंय.

६. फसवणारे चेहरे

पहिलं गाजरगवत. नावात गाजर, पान गाजरासारखं, फूल पांढरं. पायथ्यापासून रस्त्याच्या कडेने हेच माजलेलं असतं. हे सूर्यफुलाच्या कुळातलं, १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. काँग्रेस गवत म्हणतात तेच. त्याचे पांढरे ठिपके म्हणजे एकेक फूल नव्हे, प्रत्येक ठिपका म्हणजे पुष्कळ फुलांचा गुच्छ. एकाच बिंदूतून निघणाऱ्या काड्या त्यात नाहीत. शिवाय अनेकांना त्याने अंगाला खाज सुटते, हात लावू नका.

दुसरा पानओवा. कुंडीतला, जाड लवदार पानांचा, भजी करतात तो. वास हुबेहूब ओव्याचा, पण तो तुळशीच्या कुळातला. खोड चौकोनी लागलं की समजायचं. मंडूकपर्णी मात्र उलटी फसवते. ओलसर जागी जमिनीवर पसरते, पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, छत्री शोधूनही सापडत नाही, तरी पारंपरिक वर्गीकरणात ती गाजराच्याच कुळात. वास किंवा नावावरून कूळ ठरवायचं नाही, हे माझ्या डोक्यात या दोघांनी बसवलं.

तिसरा फसवणारा म्हणजे मोबाइल. ॲप फोटो जुळवतं, झाड ओळखत नाही. त्याच्याकडे युरोप-अमेरिकेतले फोटो ढिगाने आणि आपल्या डोंगरावरचे मूठभर. गुगल लेन्सने दिलेलं नाव सुरुवात म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. दिलेली जात सह्याद्रीत उगवते का, एवढं एक बघितलं तरी निम्मी चुकीची नावं गळून पडतात.

७. चाखायचं नाही, चुरडायचं नाही

हे वेगळ्या मथळ्याखाली घेतलंय, कारण यात हलगर्जी चालणार नाही.

"गाजराच्या कुळातलं आहे, म्हणजे खायला हरकत नाही" असं माझ्यासोबत आलेल्या एका मुलाने म्हटलं आणि पान तोंडापर्यंत नेलं. मी त्याच्या हातावर चापट मारली. सॉक्रेटिसला इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये जो विषाचा पेला दिला गेला, तो हेमलॉकचा, म्हणजे याच कुळातल्या झाडाचा होता. हेमलॉक अंजनेरीवर सापडेल म्हणून हे सांगत नाहीये. सांगायचंय एवढंच की जिऱ्याचं आणि त्या विषाचं कूळ एक आहे, त्यामुळे कुळावरून खाण्याचा अंदाज बांधता येत नाही. रानभाजी म्हणून काही खायचं असेल तर ती रोज खुडणाऱ्या गावातल्या मावशीकडूनच, तिने स्वतः निवडलेली.

चीक आणि रस. या कुळातल्या बऱ्याच झाडांच्या रसात फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. रस अंगाला लागला आणि त्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात, नंतर काळे डाग राहतात. पांदेच्या जवळच्या हेराक्लियम वंशात हे चांगलंच माहीत आहे, आणि पांदही पूर्वी त्याच वंशात धरत असत. म्हणून वास घ्यायला पान चुरडू नका. रस लागलाच तर बाटलीतल्या पाण्याने लगेच धुवा आणि तो भाग उतरेपर्यंत बाहीखाली झाका.

८. फोटो: सात, यापेक्षा कमी नको

१) पूर्ण झाड, शेजारी पट्टी किंवा आपली पावसाची छत्री
२) फुलोरा वरून
३) फुलोरा खालून
४) एक छोटी छत्री जवळून, काळ्या कागदावर
५) खालचं पान, पूर्ण
६) पानाचं बूड, म्यानासकट
७) फळ, सपाट बाजूने आणि कडेने

वहीत तारीख, डोंगराचं नाव, जागा (कातळ, उतार, की झाडीची सावली) आणि झाडाची उंची. उभं राहताना पाय दगडावर ठेवा, गवतावर नको. एका चांगल्या फोटोसाठी आजूबाजूची दहा रोपं तुडवणारे मी पाहिलेत. त्यातली एक मी स्वतः, पहिल्या वर्षी.

९. नाव लावताना

सातही फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका. जातीचं नाव स्वतः टाकण्याची घाई नको. 'चामर कुल' एवढ्यावर थांबलात तरी कोणी हसत नाही. पिंडा वंशात गेल्या काही वर्षांत आणखी एका जातीची भर पडली आहे, त्यामुळे फळ न बघता सरसकट कोंकणेन्सिस लिहिण्याचे दिवसही गेले. दुर्मीळ काही सापडलं असेल तर जागा धूसर करण्याची सोय असते, ती वापरा. अंजनेरीसारख्या ठिकाणी तर मी ती नेहमीच वापरते.

नाव अडलंच तर नाशिकमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात फोटो आणि वही घेऊन जा. विद्यापीठाच्या परीक्षा नसतील अशा दिवशी, आधी फोन करून. नुसता फुलाचा फोटो पुढे केलात तर जे मला ऐकावं लागलं तेच तुम्हालाही ऐकावं लागेल.

मी दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या चौथ्या दिवशी पुन्हा वर गेले. तोच दगड सापडला, त्याच्या कडेला तेच झाड, पानं पिवळी पडलेली. छत्रीच्या काड्या सुकून ताठ झाल्या होत्या आणि टोकांना बदामी रंगाची चपटी फळं. एकाला पेन्सिलीचं टोक लावलं. दोन शकलं सुटी झाली, पण पडली नाहीत. मधल्या केसाएवढ्या दांडीला दोन्ही बाजूंनी लोंबत राहिली, आणि वारा आला तशी हलायला लागली. तिथेच काळा कागद मागे धरला आणि फोटो काढला. संध्याकाळी तो सरांना पाठवला तेव्हा बस सातपूरपर्यंत आली होती. उत्तर आलं, "आता लिहा पांद."